गाण्याचे कुलूप

१९५६ साली राज्यांची पुनर्रचना होऊन जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडातील मराठी जिल्हे मुंबई राज्यास जोडण्यात आले आणि बालाघाट जिल्हा मध्यप्रदेशात राहिला, तरी लांजी, किरनापूर, वारासिवनी या भागांतील पोवार, कोष्टी, मरार यांच्या घरांतून चालत आलेली बोली, लग्नाच्या मांडवात बाया म्हणतात ती गाणी, आणि दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईंची व त्यांतल्या दंडार या लोकनाट्याची ओढ यांत त्या सरकारी रेषेने काडीचाही फरक पडला नाही. १९४८ साली सुरू झालेल्या नागपूरच्या आकाशवाणी केंद्रावरून येणारे मराठी भावगीत बाघ नदीच्या या तीरावरही तितक्याच आवडीने ऐकले जाई, आणि आवडलेले गाणे आपल्या संग्रही असावे, मनात येईल तेव्हा ते पुन्हा ऐकता यावे, ही जी इच्छा कोणत्याही रसिकास होते ती येथील रसिकासही होत असे. अडचण होती ती त्यापुढची. भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत रोजंदारी करणाऱ्यास किंवा वैनगंगेकाठी धानाची शेती करणाऱ्यास ग्रामोफोन आणि त्याच्या तबकड्या घेणे परवडण्यासारखे नव्हते. ज्याला परवडत असे त्यालाही बालाघाटच्या बाजारात हिंदी चित्रपटगीते मिळत, मराठी मात्र क्वचितच, आणि म्हणून छोट्या लाइनच्या गाडीने गोंदिया गाठावे व जमल्यास तेथून नागपूर, याखेरीज दुसरा मार्ग नसे.

संगीताच्या व्यवसायाने आपल्या मालाच्या नकला होऊ नयेत म्हणून गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत जे तांत्रिक उपाय योजले आणि त्या उपायांनी नकलांच्या व्यापारावर जो परिणाम झाला किंवा झाला नाही, त्याचा विचार करताना मी मुद्दाम या सरहद्दीवरच्या जिल्ह्यापासून आरंभ करतो. मुंबईसारख्या शहरात खरा माल आणि नकली माल शेजारी शेजारी मांडलेले असतात, त्यामुळे नकली घेणारा तो केवळ पैसे वाचवण्यासाठी घेतो, असे मानणे सोपे जाते. जेथे खरा माल मुळी पोचतच नाही तेथे गेल्यावर या प्रश्नाची दुसरी, अधिक मूलभूत बाजू नजरेस येते.

कॅसेट आली आणि ही परिस्थिती पालटली. अमेरिकन अभ्यासक पीटर मॅन्युएल यांनी उत्तर भारतातील लोकप्रिय संगीतावर लिहिलेल्या आणि १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कॅसेट कल्चर’ या ग्रंथात नमूद केले आहे की, १९८०च्या दशकाच्या मध्यास ध्वनिमुद्रित संगीताच्या भारतीय बाजारपेठेचा सुमारे ९५ टक्के भाग कॅसेटने व्यापला होता. तोवर या देशात ध्वनिमुद्रणाचा व्यवसाय म्हणजे जवळजवळ ग्रामोफोन कंपनी, म्हणजेच लोकांच्या तोंडी असलेली एच.एम.व्ही.; तिच्या कॅसेटी थोड्या, महाग आणि मोठ्या शहरांपुरत्या. मागणी मात्र खेडोपाडी निर्माण झालेली. या दोहोंतील अंतर नकली कॅसेटीने भरून काढले. ज्याला कायदा हक्कभंग म्हणतो त्या व्यवहाराचे मूळ पुष्कळ अंशी या अंतरात आहे, हे आधी मान्य केल्यावाचून पुढील कोणतीही चर्चा प्रामाणिकपणे करता येणार नाही.

त्या काळी तालुक्याच्या कोणत्याही गावात दिसणारे कॅसेट भरून देण्याचे दुकान ज्यांनी पाहिले आहे त्यांना पुढचे वर्णन ओळखीचे वाटेल. गिऱ्हाईक वहीच्या कागदावर गाण्यांची यादी आणीत असे. दुकानदार साठ किंवा नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट काढून दोन खणांच्या टेपरेकॉर्डरच्या एका खणात मूळ आणि दुसऱ्या खणात कोरी घाली, आणि दुसऱ्या दिवशी येण्यास सांगे. कॅसेटच्या वरच्या कडेस, दोन्ही टोकांना, प्लॅस्टिकच्या दोन चिमुकल्या पट्ट्या असत. त्या मोडल्या म्हणजे तिच्यावर नव्याने मुद्रण होत नसे, आणि कंपनीची भरलेली कॅसेट या पट्ट्या मोडूनच विक्रीस येई. ही योजना नकलेविरुद्ध केलेली नव्हती, आतले गाणे चुकून पुसले जाऊ नये एवढ्यासाठीच ती होती. तथापि यंत्राने माणसास घातलेली सामान्य श्रोत्याच्या परिचयाची ती पहिली बंदी होय. त्या खाचेत कागदाचा बोळा कोंबला किंवा वरून चिकटपट्टी लावली की बंदी उठे, आणि हे शाळकरी पोरासही ठाऊक होते. पुढे कोट्यवधी रुपये खर्चून जी बंधने निर्माण करण्यात आली त्यांची गतही फारशी निराळी झाली नाही.

सरकारने आपल्या परीने उपाय योजले. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ साली दुरुस्ती होऊन शिक्षा कडक करण्यात आल्या आणि कलम ५२अ अन्वये प्रत्येक ध्वनिमुद्रिकेवर निर्मात्याचे नाव व पत्ता, हक्कधारकाचे नाव आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष छापणे बंधनकारक झाले. कंपन्यांनी वेष्टनावर चकाकणारे होलोग्राम चिकटवले, छापे पडले, मुद्देमाल जप्त झाला, फिर्यादी दाखल झाल्या. परंतु नकली कॅसेटीचा खरा प्रतिस्पर्धी पोलीस ठाण्यातून आला नाही, तो बाजारातूनच आला. दिल्लीच्या दर्यागंज भागात फळांच्या रसाचे दुकान चालवणाऱ्या कुटुंबातील गुलशनकुमार यांनी सुपर कॅसेट्स या कंपनीच्या ‘टी-सीरीज’ नावाने कॅसेटची किंमत पार खाली आणली, पानपट्टीपासून किराणा दुकानापर्यंत जेथे जागा मिळेल तेथे ती विकावयास ठेवली, आणि जुनी गाणी नव्या गायकांकडून गाऊन घेण्याची जी मुभा कायद्याने काही अटींवर दिलेली होती तिचा भरपूर उपयोग केला. या मुभेच्या मर्यादेवरून न्यायालयात वाद झाले आणि मूळ कलावंतांच्या मनात त्याविषयी जी कटुता राहिली ती निराधार नव्हती. तरीही एवढे खरे की, भरून दिलेल्या कॅसेटीच्या जवळपास किमतीत छापील वेष्टनाची कॅसेट मिळू लागल्यावर पुष्कळ लोक आपण होऊन तिच्याकडे वळले. या स्वस्ताईमुळेच प्रादेशिक भाषा-बोलींतील भजने, लोकगीते, तमाशाची गाणी काढणारे शेकडो लहान निर्माते उभे राहिले. आणि नकलेचा घाव सर्वांत खोल बसला तोही यांनाच, कारण मोठी कंपनी शंभरांतली चाळीस गाणी बुडाली तरी तगते, लहान निर्मात्याची मात्र एकच कॅसेट चाललेली असते आणि तीच बुडते. नकलेने कोणाचेच नुकसान होत नाही असे म्हणणाऱ्यांनी या माणसाचा हिशोब डोळ्यांपुढे ठेवावा.

पाश्चात्त्य देशांत याच सुमारास यंत्रालाच पहारेकरी बनवण्याचे प्रयत्न चालू होते. १९८७ च्या सुमारास अमेरिकेतील सी.बी.एस. कंपनीने ‘कॉपीकोड’ नावाची युक्ती पुढे केली : गाण्याच्या ध्वनीतून ३,८४० हर्ट्‌झच्या आसपासची एक बारीक पट्टी कापून काढायची, आणि ती गाळलेली जागा ओळखताच मुद्रणयंत्र बंद पडेल असा कायदा करून घ्यायचा. अमेरिकन सरकारच्या मानक संस्थेने १९८८ साली तिची परीक्षा करून निर्णय दिला की, या कापाकापीने संगीताचा दर्जा बिघडतो, यंत्र चुकीच्या वेळी बंद पडते, आणि युक्ती सहज चुकवता येते. नक्कल थांबवण्यासाठी स्वरच कापण्याची ही कल्पना संगीतावर उपजीविका करणाऱ्यांना सुचावी, याचे मला फार वाईट वाटते.

यानंतर तबकडीचे, म्हणजे सीडीचे युग आले, आणि तिच्यासंबंधीची एक गोष्ट नीट ध्यानात घेतली तर पुढील सारा घोटाळा उलगडतो. फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी १९८०च्या सुमारास सीडीचे जे मानक ठरवले त्यात ध्वनी आकड्यांच्या रूपाने, कोणतीही सांकेतिक गुंतागुंत न करता, उघडा लिहिलेला होता. घरोघरी संगणक येऊन ते आकडे जसेच्या तसे उतरवून घेतील, ही शक्यता त्या वेळी कोणाच्या हिशेबात नव्हती. जगभर कोट्यवधी वादनयंत्रे त्या मानकाप्रमाणे विकली गेल्यावर तबकडीस कुलूप घालायचे तर ते असे असावे लागणार की, जुन्या वादनयंत्रास ते दिसू नये आणि संगणकास मात्र अडवावे. ही अपेक्षाच परस्परविरोधी होती. इस्रायलमधील मिडबार कंपनीच्या ‘कॅक्टस डेटा शील्ड’मध्ये तबकडीवर मुद्दाम चुका पेरलेल्या असत, वादनयंत्र त्या चुका अंदाजाने सांधून पुढे जाई आणि संगणक अडखळे. सोनीच्या ‘की-टू-ऑडिओ’ योजनेत तबकडीच्या बाहेरच्या कडेस खोट्या माहितीचा एक पट्टा लिहिलेला असे, तो वाचू पाहणारा संगणक गोंधळून जाई. २००२ साली बातमी पसरली की, साध्या मार्कर पेनाने ती कड रंगवली की कुलूप उघडते. त्याच वर्षी फिलिप्सने, अशा तबकड्या आपल्या मानकानुसार नसल्याने त्यांच्यावर ‘कॉम्पॅक्ट डिस्क’ची मुद्रा छापू नये, अशी भूमिका जाहीर केली. पुढच्या वर्षी प्रिन्स्टन विद्यापीठातील अ‍ॅलेक्स हाल्डरमन या विद्यार्थ्याने दाखवून दिले की, ‘मीडियामॅक्स’ नावाचे कुलूप असलेली तबकडी संगणकात घालताना शिफ्टची कळ दाबून धरली तर ते कुलूप लागतच नाही. कंपनीने प्रथम त्याच्यावर दाव्याची धमकी दिली आणि लगेच ती मागे घेतली.

या सर्वांवर कडी झाली ती २००५ साली. सोनी बी.एम.जी. या कंपनीने ‘एक्स.सी.पी.’ नावाचा प्रोग्राम घातलेल्या तबकड्या अमेरिकेत विक्रीस आणल्या. ग्राहकाने पैसे मोजून घेतलेली तबकडी विंडोज संगणकात घातली की, तो प्रोग्राम यंत्राच्या अगदी गाभ्यात शिरून बसे आणि विशिष्ट चिन्हांनी आरंभ होणारी प्रत्येक फाइल, मग ती कोणाचीही असो, मालकाच्या नजरेआड करी. त्याला हाताने काढू जाता सीडी चालवणारा भागच निकामी होई. ३१ ऑक्टोबर २००५ रोजी मार्क रसिनोविच या संगणकतज्ज्ञाने आपल्या स्वतःच्या यंत्रात हा प्रकार सापडल्याचे सप्रमाण प्रसिद्ध केले, आणि थोड्याच दिवसांत विषाणू लिहिणारे लोक त्या आडोशाचा फायदा घेऊ लागले. कंपनीने कुलूप काढण्यासाठी जो उपाय दिला त्यानेही संगणकास नवे भगदाड पडते, असे प्रिन्स्टनच्याच अभ्यासकांनी दाखवले. अशा ५२ संग्रहांच्या सुमारे ४७ लाख तबकड्या तयार झालेल्या होत्या आणि त्यांपैकी सुमारे २१ लाख विकल्या गेल्या होत्या. नोव्हेंबरात कंपनीला त्या बाजारातून परत घ्याव्या लागल्या, टेक्सास राज्याने दावा लावला, ग्राहकांनी लावले, आणि नुकसानभरपाई देऊन प्रकरणे मिटवण्यात आली. या साऱ्या प्रकारात ज्याने गाणे फुकट उतरवून घेतले होते त्याच्या संगणकास काडीचाही उपद्रव झाला नाही. शिक्षा झाली ती पैसे देऊन दुकानातून तबकडी घेणाऱ्यास.

नकलांच्या व्यापारावर या कुलुपांचा परिणाम काय झाला, या प्रश्नाचे उत्तर कुलुपाच्या मजबुतीत शोधून उपयोग नाही. मायक्रोसॉफ्टमधील चार तंत्रज्ञांनी २००२ साली लिहिलेल्या एका शोधनिबंधात ते फार स्पष्टपणे सांगितले आहे, त्याचा मथितार्थ असा : लाख तबकड्यांपैकी नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव बंद राहिल्या आणि एक उघडली, तरी त्या एकीवरून निघालेली प्रत जगभर पसरण्यास पुरेशी असते, कारण पुढच्या प्रतींना कुलूप नसतेच. एक्स.सी.पी. मॅकिंटॉश संगणकावर चालतच नव्हता. म्हणजे ती एक तबकडी उघडण्यास विशेष कौशल्याचीही गरज नव्हती. २००७ च्या फेब्रुवारीत अ‍ॅपलचे स्टीव्ह जॉब्ज यांनी उघड पत्र लिहून दाखवून दिले की, आदल्या वर्षात ऑनलाइन दुकानांतून कुलूपबंद विकली गेलेली गाणी दोन अब्जांहून कमी होती, आणि त्याच वर्षी संगीत कंपन्यांनी तबकड्यांवर विकलेली, कोणतेही कुलूप नसलेली गाणी वीस अब्जांहून अधिक. २००७ सालीच ई.एम.आय. कंपनीने कुलपाविना गाणी विकण्याचे मान्य केले आणि २००९ साली अ‍ॅपलच्या दुकानातील सर्व प्रमुख कंपन्यांच्या गाण्यांवरील बंधने उठू लागली. टोरांटो विद्यापीठातील संशोधक लॉरिना झँग यांनी या बदलापूर्वीची आणि नंतरची विक्री ताडून पाहिली तेव्हा आढळले की, कुलूप काढल्याने ऑनलाइन विक्री सरासरी १० टक्क्यांनी वाढली, फार खपाच्या संग्रहांना त्याने फरक पडला नाही, आणि कमी खपाच्या संग्रहांची विक्री सुमारे ३० टक्क्यांनी वाढली. यातील शेवटचा आकडा मला सर्वांत मोलाचा वाटतो. ज्याचे नाव सर्वतोमुखी आहे त्याला गाणे हातोहात फिरण्याची गरज नसते. अपरिचित गायकाला तोच एक रस्ता असतो.

आपल्याकडे ही कुलूपबंद तबकडी जवळपास पोचलीच नाही, तरी नकला झाल्याच, आणि त्याही मुबलक. शंभर-दीडशे गाण्यांची एमपीथ्री सीडी आठवडी बाजारात पथारीवर मिळू लागली; पुढे तिची जागा मोबाइलमधल्या, नखाएवढ्या मेमरी कार्डाने घेतली. बालाघाटच्या बस न पोचणाऱ्या खेड्यांतसुद्धा मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर एक जुना संगणक असे, त्यात हिंदी, मराठी, छत्तीसगडी, पोवारी अशा नावांची फोल्डरे असत, आणि वीस-तीस रुपयांत दुकानदार कार्डात मावतील तेवढी गाणी टाकून देई. गोंदियाकडच्या नातेवाइकाने आणलेल्या कार्डातून पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतील एखाद्या नाटकाचे पद या फोल्डरात शिरले की, महिनाभरात ते लांजीपर्यंत ऐकू येई. ज्या गायकाने ते म्हटले त्याला त्यातला एक पैसाही मिळत नसे. परंतु ज्या कंपनीने ते विकायचे तिने या जिल्ह्यात आपले दुकान कधी मांडलेही नव्हते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, उदयोन्मुख देशांतील नकलांविषयीच्या आंतरराष्ट्रीय अहवालात, ज्यातील भारताचे प्रकरण लॉरेन्स लियांग आणि रवी सुंदरम् यांनी लिहिले, नकलेची कारणे म्हणून चढ्या किमती, तुटपुंजे उत्पन्न आणि स्वस्त तंत्र ही तीन सांगितली आहेत. या टपरीवर ती तिन्ही एकत्र उभी होती.

केवळ कुलूप काढले की सारे सुरळीत होते, असाही निष्कर्ष कोणी काढू नये. फ्लिपकार्टने २०१२ च्या फेब्रुवारीत ‘फ्लाइट’ नावाचे दुकान काढून सहा रुपयांपासून बिनकुलुपाची गाणी विकावयास ठेवली, आणि २०१३ च्या जूनमध्ये ते बंद केले. फुकट मिळणाऱ्या वस्तूसाठी कार्डाने सहा रुपये भरण्याची सोय आणि सवय तेव्हा फार थोड्यांना होती. याउलट मोबाइलवरील कॉलर ट्यूनसाठी खेड्यातील माणूसही महिन्याकाठी पैसे कापू देत होता, कारण ते गाणे कंपनीच्या यंत्रातच राहत असे आणि पैसे आपोआप शिलकीतून वळते होत. आणि २०१७ साली सारेगामा कंपनीने, म्हणजे त्याच जुन्या ग्रामोफोन कंपनीने, पाच हजार गाणी आधीच भरलेला ‘कारवां’ हा रेडिओसारखा डबा बाजारात आणला. पुढे त्याची मराठी आवृत्तीही निघाली. त्यातील बहुतेक गाणी फुकट उपलब्ध असताना लोकांनी हजारो रुपये मोजून तो घेतला, वडीलधाऱ्यांना भेट दिला. पैसे देण्याची तयारी नसते हे गृहीतक येथे खोटे ठरते. सोय, विश्वास आणि नेटकेपणा मिळाला तर लोक पैसे देतात.

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली, डेटा स्वस्त झाला, आणि मेमरी कार्ड भरून देणाऱ्या टपऱ्या हळूहळू मोबाइलच्या काचा विकू लागल्या. आता गाणे ऐकणाऱ्या अ‍ॅपमध्ये कुलूप पुन्हा आलेले आहे: उतरवून ठेवलेले गाणे सांकेतिक स्वरूपात असते, वर्गणी संपली की ते बंद पडते. फरक एवढाच की, ऐकणाऱ्यास त्याचा काच जाणवत नाही, कारण जाहिराती सोसल्या तर तेच गाणे फुकट वाजते. एवढे होऊनही नक्कल संपली नाही. आंतरराष्ट्रीय ध्वनिमुद्रण संघटनेच्या २०१८ च्या पाहणीत जगातील ३८ टक्के श्रोते कोठून ना कोठून बेकायदा संगीत मिळवत होते, आणि भारतातील प्रमाण त्याहून पुष्कळच अधिक निघाले. यूट्यूबवरून गाणे ओढून काढणे हा आता तिचा मुख्य मार्ग झाला आहे.

मला यात धोका दिसतो तो निराळ्याच ठिकाणी. ध्वनिमुद्रणावरील हक्क आपल्या कायद्याप्रमाणे प्रकाशनानंतर साठ वर्षांनी संपतो आणि ते ध्वनिमुद्रण सर्वांचे होते. यंत्रातील कुलपास मात्र ही मुदत कळत नाही. २००८ साली मायक्रोसॉफ्टने आपल्या बंद केलेल्या संगीत दुकानाच्या किल्ल्या देणे थांबवण्याचे जाहीर केले, तेव्हा रीतसर पैसे भरलेल्यांची गाणी नव्या संगणकावर मुकी होण्याची वेळ आली होती आणि ओरड झाल्यावरच मुदत वाढवून मिळाली. ज्या बोलीतील गाण्यांचे कोठेही दुसरे जतन नाही, तिचे असे एखादे दालन बंद पडले तर भरून न येणारी हानी होईल. २०१२ च्या दुरुस्तीने आपल्याकडेही कलम ६५अ आले आणि हक्कभंगाच्या हेतूने असे तांत्रिक कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दंड यांची तरतूद झाली. कायद्याने ज्याला मुभा आहे अशा कामासाठी ते उघडण्यास मनाई नाही, हे त्याच कलमात लिहिलेले आहे, ही समाधानाची गोष्ट होय.

त्याच दुरुस्तीने कवी, संगीतकार आणि गायक यांच्या मानधनाच्या हक्कास जे बळ दिले त्याची माहिती मात्र आमच्या भागात फार थोड्यांना आहे. आज मंडईतली दंडार, पोवारी लग्नगीते, झाडीपट्टीतील नाटकांची पदे मोबाइलवर चित्रित होऊन यूट्यूबवर चढतात, लाखो वेळा पाहिली जातात, आणि गाणाऱ्या बाईच्या हाती त्या दिवशीच्या बिदागीपलीकडे काही पडत नाही. कायद्याचे कलम १९ सांगते की हक्कांचे हस्तांतरण लेखी व सहीनिशी असावे, त्यात कोणते हक्क दिले, किती मुदतीसाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि किती मानधनावर, हे नमूद असावे. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता समजावा. आणि कलम ३९अ मुळे हाच नियम आवश्यक त्या फेरफारांसह गायक-वादकांनाही लागू होतो. तेव्हा लांजी, किरनापूर, वारासिवनीकडील ज्या गायक-गायिकांकडे कोणी कॅमेरा आणि कागद घेऊन येईल त्यांनी या चार बाबी त्या कागदावर आहेत की नाहीत हे पाहिल्यावाचून सही वा अंगठा करू नये, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना गावातील शिक्षकांनी व शिकलेल्या मुला-मुलींनी तो कागद आधी पूर्ण वाचून दाखवावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.